दोष बहुतेकदा खालच्या हेडचा
स्नेअर ड्रमचा आवाज बसला की वादक वरचं हेड बदलतो. खालच्याला मात्र वर्षानुवर्षं हात लागत नाही. माझ्या मते खरा दोष बहुतेकदा तिथेच असतो. खालचं हेड जेमतेम ०.०८ मिलिमीटर जाडीचं, वरच्याच्या साधारण एक तृतीयांश. त्याला खालून टेकलेल्या तारा खुलतात त्या त्याच्याच जोरावर, म्हणून ते ताजं आणि चांगलं ताणलेलं हवं. १९५०च्या दशकात चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टरची हेड बाजारात आणली, तेव्हा वासराचं कातडं दमट हवेत सैल पडण्याची कटकट संपली. पण प्लॅस्टिकही मार खाऊन थकतंच. वर एकपदरी, खरखरीत पांढऱ्या लेपाचं हेड घ्या, त्यावर ब्रशही बोलतो. दुपदरी जास्त टिकतं, पण हलक्या हाताचं नाजूक काम गिळून टाकतं. सुरात लावताना तारा सैल सोडा, समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेऱ्याने आवळा आणि प्रत्येकाजवळ टिचकी मारून ऐका. एखादा चढा लागला तर आधी पुरता उतरवा, मग खालून वर सुरात आणा. नको तो ठणठणाट उरलाच तर लगेच चिकटपट्टी लावू नका. आधी सगळे बोल्ट एका सुरात आहेत का, ते पुन्हा ऐका.