नकाशावरील अंतर व आकाशांतील वाट

मुंबई ते न्यूयॉर्क हा विमानप्रवास किती तासांचा, असें विचारतांच पुष्कळ विद्यार्थी वेळापत्रकांतील दोन वेळांची वजाबाकी करतात. हिवाळ्यांत रात्रीं एक वाजतां निघालेलें विमान त्याच दिवशीं सकाळीं साडेसहास तेथें पोहोंचलें, तर प्रवास साडेपांच तासांचा ठरतो! वस्तुतः तेथील घड्याळ त्या ऋतूंत आपल्या साडेदहा तास मागें असतें. म्हणून खरा प्रवास सोळा तासांचा होय.

अंतराविषयींही असाच भ्रम होतो. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेविली म्हणजे वाट अरबस्तान व आफ्रिका यांवरून जाते असें दिसतें. परंतु पृथ्वीच्या गोलावर तींच दोन शहरें दोऱ्यानें जोडून दोरा ताणावा. तो उत्तरेस सरकून स्कँडिनेव्हियावरून जातो. सुमारें १२,५०० किलोमीटरांचा हाच सर्वांत जवळचा मार्ग. परततांना पश्चिमेकडून वाहणारे वारे पाठीशीं असल्यानें वेळ बहुधा कमी लागतो. उलट, २०२५ सालच्या एप्रिलांत पाकिस्ताननें भारतीय विमानांस आपलें आकाश बंद केलें, तेव्हां युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या त्यांच्या कित्येक विमानांस लांबचा वळसा घ्यावा लागला.

आमचें मत असें कीं, पृथ्वीचा गोल कपाटांत शोभेसाठीं न ठेवतां मुलांच्या हातीं द्यावा. आज अनेक घरांतील मुलें परदेशीं जातात. विमान अद्याप कां पोहोंचलें नाहीं, या काळजीनें जागणाऱ्या आईबापांस धाकट्या भावंडानें नीट उत्तर द्यावें, हेंही भूगोलाच्या शिक्षणाचें एक फळ आम्हीं समजतों.