पेटीवाला आणि प्राध्यापक

परवा तेरजवळच्या आमच्या गावात सप्ताहाची सांगता झाली. काल्याचं कीर्तन संपलं, सत्कार सुरू झाले. महाराजांना शाल, फेटा, पाकीट. मृदंगमणींचं नाव दोनदा घेतलं. मंडपवाल्याचंही घेतलं. आणि सात दिवस पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत भाता हलवणारे आमचे पेटीमास्तर? टॉवेल, टोपी, नारळ. आणि माईकवर चार शब्द: "आणि आपले हे पेटीवाले!"

मी त्यांच्याकडेच पेटी शिकलो. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रात्री ओट्यावर हा विषय निघाला तेव्हा एक प्राध्यापक मित्र म्हणाला, "अरे, ते नुसती साथ करतात. ते काय पियानोवादक आहेत का?"

बरं. आपण पियानोवादकांकडेच बघू.

क्लारा शुमन लहानपणापासून मैफली गाजवणारी बाई. 1878 साली फ्रँकफर्टच्या संगीत विद्यालयाने तिला शिकवायला नेमलं आणि 1892 पर्यंत ती तिथे शिकवत होती. हाइनरिख नॉयहाउस मैफलीही करत आणि 1922 पासून मॉस्कोच्या संगीत विद्यालयात शिकवतही. रिख्तर आणि गिलेल्स हे त्यांचे शिष्य. तिकडे ही वाट मळलेली आहे. जो वाजवतो तोच शिकवतो, आणि शिकवण्याचा रीतसर पगार घेतो. पियानोवादक गायकाला साथ करतो म्हणून त्याची किंमत तिकडे कुणी कमी करत नाही.

आपल्याकडे त्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाची वाट कुठे जाते? लग्नात, सप्ताहात, शाळेच्या स्नेहसंमेलनात. आणि मग परत शेतावर.

यावर ठरलेलं उत्तर येतं की पेटी मुळात परदेशी वाद्य, तिच्यात मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत. खरं आहे. दब्याँने 1842 साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. सप्तकाच्या बारा पट्ट्या ठरलेल्या, दोन स्वरांच्या मधल्या जागा नाहीत. याच कारणांसाठी आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. पण महाराज, मींड पियानोतही निघत नाही! म्हणून कुणी पियानोला विद्यापीठाबाहेर काढलं का? वाद्याची मर्यादा ओळखून तिच्यातून वाट काढणं हीच तर वादकाची कला. गोविंदराव टेंबे यांनी ती काढली. पी. मधुकर यांनी काढली. त्यांचे शिष्य, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटीच तयार केली. आणि ती बंदी चालू असतानाही नाटकात, भजनात, गावोगावच्या देवळांत पेटी वाजतच होती. लोकांनी तिला कधी परकं मानलं नाही. परकं मानलं ते शिकलेल्यांनी.

आता खरी गंमत ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत नेट-सेट नसलेल्या कलावंतालाही संगीताचा सहायक प्राध्यापक होण्याची वाट दिली आहे. वाचून मला आनंद झाला. पुढच्या अटी वाचल्या आणि तो ओसरला. पदवी हवी, आणि आकाशवाणीची किंवा दूरदर्शनची 'अ' श्रेणी हवी. म्हणजे ज्या आकाशवाणीने एकतीस वर्षं पेटीला आत येऊ दिलं नाही, आणि 1971 नंतरही बराच काळ एकलवादनाला दार उघडलं नाही, तिचाच दाखला पेटीवाल्याने आणायचा! आमचे मास्तर तर दहावीपर्यंतच शिकलेले. पण काळी चारमध्ये गाणारा बुवा अचानक पांढरी पाचवर गेला तरी त्यांचा हात अडत नाही. चुकलेल्या गायकाला स्वरावर आणून सोडतात आणि कुणाला कळूही देत नाहीत. हे कुठल्या परीक्षेत विचारतात?

पदव्या नकोत असं मी म्हणत नाही. शास्त्र शिकवणारा हवाच. पण मुलाची बोटं पट्टीवर ठेवणारा माणूस वेगळा असतो, आणि त्यालाही खुर्ची हवी. मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवला आहे. तुळजापूरला देवीपुढे गोंधळ होतो, तेरला गोरोबाकाकांच्या दारात भजनं होतात. हाताच्या अंतरावर इतकं संगीत असताना जिल्ह्यातल्या दोन-चार जाणत्या वादकांना मानधनावर बोलावून शिकवायला बसवणं खरंच इतकं अवघड आहे?

मास्तरांना मी हे सगळं तावातावाने सांगितलं. ते हसले. म्हणाले, "बाबा, पगाराचं राहू दे. माझ्यामागं पेटीला हात लावणारं गावात कोण हाय, ते सांग."

मला सांगता आलं नाही. मी स्वतः शहरात नोकरी करतो, माझी पेटी माळ्यावर आहे.

असो. पगाराचं सरकार बघेल तेव्हा बघेल. पुढच्या सप्ताहात पाकीट मृदंगमणींइतकंच द्यायचं आणि माईकवर पूर्ण नाव घ्यायचं, एवढं तर आपल्या हातात आहे? आणि हो, माळ्यावरची पेटी खाली काढायची, हे माझ्या.