घरातलं विज्ञान : एका बोर्डावर किती भार?



गेल्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारची गोष्ट. आम्ही मेणबत्त्या लावल्या, किद्दुश झाला, जेवायला बसलो आणि थोड्या वेळात घरात अंधार! शब्बाथ असल्यामुळे बटणाला हात लावायचा नव्हता. शनिवारसाठी प्लाट्यावर ठेवलेलं नारळाच्या रसातलं मटण निवून गेलं. घरातली म्हातारी माणसं रात्रभर गोधड्यांत कुडकुडली. शनिवारी रात्री शब्बाथ सुटल्यावर पाहतो तर एक्स्टेंशनचा प्लग पिवळा पडून वितळायला लागलेला! वीज गेली म्हणून वाचलो.

असं का झालं? हिशेब सोपा आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्ट, नळातून वाहणारी धार म्हणजे अँपिअर, आणि नळी अरुंद असल्यामुळे होणारा अडथळा म्हणजे रोध. तो ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली हा नियम पुस्तकात मांडला. मुलांनो, दोनच सूत्रं पाठ करा:

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर
वॅट = व्होल्ट × अँपिअर

इस्राएलमध्ये घरी २३० व्होल्ट येतात, भारतातही तेवढेच. आमचा मोठा हीटर १० अँपिअर घेतो. म्हणजे रोध २३० ÷ १० = २३ ओहम, आणि शक्ती २३० × १० = २३०० वॅट. प्लाटा ५ अँपिअर घेतो : ४६ ओहम, ११५० वॅट. पाहिलंत? रोध दुप्पट, तर वीज निम्मी. आजीच्या खोलीतला छोटा हीटर ७ अँपिअरचा, १६१० वॅटचा.

ही तिन्ही आम्ही एकाच एक्स्टेंशनवर लावली होती! १० + ५ + ७ = २२ अँपिअर. इथला भिंतीतला सॉकेट १६ अँपिअरचा, म्हणजे फार तर ३६८० वॅटचा. आमचा भार ५०६० वॅट.

आता प्लग का वितळला ते पाहा. समजा, प्लगची पट्टी सैल होऊन तिथे अर्धा ओहम रोध झाला. एकट्या मोठ्या हीटरचे १० अँपिअर त्यातून गेले, तर १० × अर्धा = ५ व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि ५ × १० = ५० वॅट उष्णता होते. २२ अँपिअर गेले, तर ११ व्होल्ट आणि ११ × २२ = २४२ वॅट! एवढीशी प्लास्टिकची वस्तू किती सोसणार? लक्षात ठेवा : प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

म्हणून आजी-आजोबांनो, हीटर थेट भिंतीच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेंशनवर किती अँपिअर लिहिलंय ते नातवंडांकडून वाचून घ्या. शुक्रवारी मेणबत्त्या लावण्याआधी प्लगजवळ हात नेऊन पाहा. ऊब लागली किंवा जळका वास आला तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. खर्च होतो खरा, पण जिवापेक्षा जास्त नाही.

मुलांसाठी गणित : टोस्टर २३० व्होल्टवर ४ अँपिअर घेतो. त्याचा रोध किती आणि शक्ती किती? आजोबांना विचारू नका, त्यांना तुम्हीच शिकवा. उत्तर पुढच्या अंकात.

शब्बाथ शालोम!