विश्लेषण : विद्यापीठातील मैफल सर्वांना खुली, मग सिनेमा फक्त विद्यार्थ्यांसाठी का?

शैक्षणिक सत्र रंगात आले की विद्यापीठांच्या कला केंद्रांतील कार्यक्रमांची निमंत्रणे व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. गायनाच्या मैफलीवर ‘प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला’ असे लिहिलेले असते. चित्रपटाच्या खेळावर मात्र अनेकदा ‘फक्त विद्यार्थी व शिक्षकांसाठी’ अशी सूचना असते. हा भेद आयोजकांच्या मर्जीचा नाही. त्याचे मूळ कायद्यात आहे.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ (१) (जे) शैक्षणिक संस्थांना सवलत देते. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो आणि त्यासाठी निर्मात्याची परवानगी लागत नाही. अट एकच : प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती. बाहेरच्या रसिकांना दार उघडले की ही सवलत संपते, मग तिकीट असो वा नसो.

मैफलीला ही अडचण का नाही?

राग कोणाच्याही मालकीचा नसतो. पारंपरिक बंदिशींवरही आज कॉपीराइट उरलेला नाही. नवी रचना असेल तर ती बहुतेकदा गाणाऱ्याचीच असते. शिवाय हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणालाही कायद्यात सूट आहे. चित्रपटगीतांचा व्यावसायिक वाद्यवृंद आणला, तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा परवाना घ्यावा लागू शकतो.

मग मैफल रात्री दहाला का थांबते?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. पुण्यातील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची रात्रभर चालणारी सत्रे याच नियमामुळे थांबली. बंदिस्त सभागृहाला मात्र वेळेची ही मर्यादा नाही.

ओटीटीवरून सिनेमा दाखवला तर?

ओटीटीचे सबस्क्रिप्शन साधारणपणे वैयक्तिक, घरगुती वापरासाठी असते. ते घेतले म्हणजे सभागृहात शंभर जणांना सिनेमा दाखवण्याचा हक्क मिळत नाही. सर्वांसाठी खुला खेळ करायचा तर हक्कधारकाची परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना प्रमाणपत्रातून सूट हवी असल्यास केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे जावे लागते.

जुने चित्रपट सर्वांना दाखवता येतील का?

हो, आणि खरी संधी येथेच आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० च्या चित्रपटावरील हक्क २०२० अखेर संपला. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) तर त्याच्या कितीतरी आधी मोकळा झाला. मात्र गाणी किंवा मूळ कथेवरील हक्क वेगळे असतात. ते लेखक-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात, म्हणून ते आधी तपासावे लागतात. चांगली प्रत हवी असेल तर ज्यांच्याकडे ती आहे, त्यांच्याशी बोलावे लागते.

पुढे काय करायला हवे?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवते. त्याच पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि जुन्या ‘प्रभात’ स्टुडिओच्या आवारात एफटीआयआय आहे. एवढे सगळे जवळ असताना चित्रपटाचे दार शहरासाठी बंद राहणे ही उणीव आहे. शिकणाऱ्या कलावंताला जाणकार प्रेक्षक हवा असतो आणि शहराला तिकिटाच्या दरापलीकडचा सिनेमा.

परवान्यांचे काम दरवेळी विद्यार्थी आयोजकांवर टाकणे योग्य नाही. विद्यापीठाने त्यासाठी एक अधिकारी नेमावा, वर्षाच्या सुरुवातीला थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि महिन्यातून एक खेळ तरी सर्वांसाठी खुला करावा. तोपर्यंत वाचकांनी निमंत्रणावरील प्रवेशाची ओळ वाचूनच घरातून निघावे. दारावर अडवणारा विद्यार्थी उद्धट नसतो, तो नियम पाळत असतो.