कंत्राटी जवानाच्या जखमी मनाचा वाली कोण?

१४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ योजना जाहीर करून मोदी सरकारने गिरणी-कारखान्यांतील कंत्राटी पद्धत सैन्यातही आणली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर फार तर २५ टक्के जवान कायम. उरलेल्यांच्या हाती एकरकमी ‘सेवानिधी’ ठेवून घरची वाट! त्यांना ना निवृत्तिवेतन, ना २००३ साली सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेचे संरक्षण.

परंतु मनावरचा घाव कराराची मुदत पाळत नाही. कित्येकदा तो वर्षांनंतर उघडा पडतो. व्हिएतनाम युद्ध १९७५ मध्ये संपले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर मनोविकाराला मान्यता दिली ती १९८० मध्ये, आणि तीही परतलेल्या सैनिकांच्या चळवळीनंतरच.

२०१७ च्या कायद्याने मानसोपचाराचा हक्क सर्वांनाच दिला आहे, असे सत्ताधारी सांगतील. पण बहुसंख्य मनोरुग्ण उपचाराविना राहतात, हे सरकारच्याच २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीने दाखविले आहे. त्याच रांगेत आता शेतकरी-कामगारांची ही मुले लोटली जाणार!

शौर्याचे गोडवे गायचे आणि उपचाराचा खर्च वाचवायचा, ही देशभक्ती नव्हे. प्रत्येक अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा व सरकारी खर्चाने आजन्म मानसोपचार मिळालाच पाहिजे. सैन्यातील कंत्राटी पद्धत रद्द झालीच पाहिजे!