जमीन विकू नका, जमिनीचं वेगळेपण विका



स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. समुद्राकाठची वाळूची, उंचसखल, शेतीला निरुपयोगी जमीन. आज जगभरातले लोक सुट्टी काढून तिथे गोल्फ खेळायला जातात. १७६४ मध्ये तिथला डाव १८ होलचा झाला, पुढे तेच जगाचं माप बनलं. लक्षात घ्या, त्यांनी खेळ जमिनीप्रमाणे बसवला.

आता आपलं चोरखमारा बघा. नागझिऱ्याचं गेट, तलाव, धानाच्या बांध्या. पण इथे धंदा म्हटलं की डोक्यात येतं काय? लॉन, स्विमिंग पूल, पनीर टिक्का. नाहीतर सरळ जमीन विकून मोकळं व्हायचं.

माझं स्पष्ट मत आहे, दोन्ही सौदे तोट्याचे. पूल नागपूरकराला घराजवळही मिळतो. पहाटेचा तलाव, मासोळीचा रस्सा, आवाजावरून पक्षी ओळखणारा गावचा पोरगा तिथे मिळत नाही. आणि जमीन एकदाच विकली जाते, मुक्काम दरवर्षी विकता येतो.

“सर, पावसाळ्यात सफारी बंद असते, मग?” मग हिशेब उरलेल्या महिन्यांचाच मांडा. पावसाळ्यात तशीही रोवणी असतेच. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदानही रविवारी सहसा खेळाला बंद असतं. धंदा बुडाला का?

आज एकच काम करा. सातबारा कपाटात ठेवा आणि वही काढा. आपल्या जागेवर आहे पण शहरात नाही, अशा पाच गोष्टी लिहा. तोच तुमचा माल!