घरासाठी स्पीकर घेताना

दिवाळीच्या सुमारास नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरून किंवा शालिमार परिसरातून फेरफटका मारला की ध्वनियंत्रांच्या दुकानांतून एकाच जातीचा आवाज ऐकू येतो. दारातच कमरेइतक्या उंचीचा, रंगीत दिवे लुकलुकणारा स्पीकर उभा असतो आणि त्यावर ठेक्याचे एखादे गाणे अशा जोराने लागलेले असते की रस्त्यावरच्या माणसाच्या छातीत त्याचा धक्का बसावा. विक्रीसाठी ही युक्ती उत्तम आहे. परंतु तो स्पीकर घरी आल्यावर त्यावर काय ऐकले जाणार, हा प्रश्न दुकानात कोणी विचारीत नाही आणि ग्राहकही तो स्वतःला विचारावयास विसरतो.

साधारण जैन घराचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी नवकार आणि भक्तामर, दुपारी आजीसाठी एखादे ध्वनिमुद्रित प्रवचन, सायंकाळी स्तवने, रात्री जेवणानंतर नाट्यगीत, भावगीत किंवा अर्धा तास शास्त्रीय गायन. (ज्या संप्रदायांत साधु-साध्वी आजही ध्वनिवर्धक वापरीत नाहीत, तेथे प्रवचन समोर बसूनच ऐकावे लागते, पण स्तवने आणि गाणी त्या घरांतही असतातच.) या सर्वांत समान गोष्ट एकच आहे, ती म्हणजे मनुष्याचा कंठ आणि त्यातून येणारा शब्द. तेव्हा घरासाठी घ्यावयाच्या स्पीकरची पहिली परीक्षा शब्द स्वच्छ कळतो की नाही, हीच असावयास हवी. धक्क्याचा विचार त्यानंतर.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. वय वाढते तसे कानाची श्रवणशक्ती प्रथम उंच स्वरांच्या बाजूने घटू लागते. स्वर आणि घोष वर्ण यांचे बळ मुख्यतः खालच्या पट्टीत असते. मात्र स, श, ट, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा ध्वनी साधारणपणे दोन हजार हर्ट्झच्या वर असतो. म्हणूनच घरातील वृद्ध माणूस "आवाज येतो, पण कळत नाही" असे म्हणतो. अशा वेळी घरातील तरुण मंडळी आवाज वाढवितात, आणि यंत्र जर जड खर्जाचे असेल तर वाढतो तो खर्ज. मोठा खर्ज त्याच्याहून दुबळ्या उंच ध्वनीस झाकून टाकतो. परिणामी आजीला पूर्वीपेक्षा कमी कळते आणि शेजाऱ्यांना अधिक ऐकू जाते. वीस हजारांचे यंत्र आणूनही आजी प्रवचनातून उठून आत जात असेल, तर तो खर्च कोणत्या खाती टाकावा?

आता वॅटचा हिशेब. खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा वॅटचा असतो आणि सर्वांत कमी भरवशाचाही तोच. 'पीएमपीओ' या नावाने लिहिलेले हजारो वॅट मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. तो आकडा सरळ सोडून द्यावा. 'आरएमएस' असे लिहिलेला आकडा पाहावा, कारण तो सलग देता येणारी शक्ती सांगतो. त्याचीही पडताळणी करण्याचा साधा मार्ग आहे. यंत्राच्या मागच्या बाजूस किंवा त्याच्या अडॅप्टरवर ते भिंतीतून किती वीज घेते हे लिहिलेले असते. जमेच्या बाजूला ६० वॅट असताना खर्चाच्या बाजूला सलग १,००० वॅट दाखविणारा ताळेबंद कोणत्याही तपासनीसाने नामंजूर केला असता. क्षणभराचा जोर साठविलेल्या विजेतून काढता येतो, सलग जोर नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरास इतके वॅट लागतच नाहीत. मध्यम प्रतीचा लहान स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटर अंतरावर साधारण ८६ डेसिबल आवाज देतो. या आकड्याला 'सेन्सिटिव्हिटी' म्हणतात आणि तो माहितीपत्रकात दिलेला असतो. ऐकणारा अडीच मीटरवर, म्हणजे सुमारे आठ फुटांवर बसला, तर मोकळ्या जागेच्या नियमाने त्यातील आठ डेसिबल कमी होतात आणि ७८ उरतात. खोलीच्या भिंती आणि जोडीचा दुसरा स्पीकर त्यात थोडी भरच घालतात. समोरासमोरचे नेहमीचे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. याचा अर्थ, दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात ऐकताना सरासरीने एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. तबल्यावरची जोरकस थाप किंवा तार सप्तकातील पुकार यांसाठी काही क्षण दहा-वीस पट शक्ती लागते, म्हणून एका बाजूस वीस वॅट असले की भागते. वीसचे चाळीस केले तर वाढतात अवघे तीन डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. वॅटसाठी जादा पैसे मोजणाऱ्याने एवढे गणित मनाशी करावे.

उदाहरणादाखल, बाजारात बरेच दिसणाऱ्या एडिफायर कंपनीच्या आर-१२८०-टी या जोडीत दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस, चार इंची मुख्य पडदा आणि उंच स्वरांसाठी १३ मिलीमीटरचा रेशमी घुमट आहे. अॅम्प्लिफायर आतच बसविलेला असल्याने वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. तिच्या खालच्या पायरीवर क्रिएटिव्ह कंपनीची पेबल ही छोटी जोडी आहे: अवघे ४.४ वॅट आणि दोन इंची पडदे. अभ्यासाच्या टेबलावर, हातभर अंतरावर ती पुरते. दिवाणखान्यात पुरत नाही. वरच्या पायरीवर अॅम्प्लिफायर वेगळा आणि स्पीकर वेगळे अशी रचना येते. तिचा लाभ असा की एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. तोटा असा की खर्च, तारा आणि जागा, तिन्ही वाढतात. प्रथमच घेणाऱ्या, मर्यादित खर्चाच्या घरास अंगभूत अॅम्प्लिफायरची जोडी अधिक सोयीची. टीव्हीखाली ठेवावयाची लांब पट्टी, म्हणजे साउंडबार, संवादासाठी बरी; गायनासाठी त्याच किमतीची जोडी बहुधा सरस ठरते, कारण पट्टीत दोन बाजूंमधले अंतरच नसते.

जोडी कशासाठी, अशीही शंका निघते. ती रास्त आहे. दोन वाहिन्यांच्या ध्वनीचे एकस्व इंग्लंडच्या अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये मागितले, पण स्टीरिओ तबकड्या सर्वसाधारण बाजारात यावयास १९५८ साल उजाडले. त्यापूर्वीचे सारे एकाच वाहिनीचे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात नाशिकात रामनाम आधार आश्रम चालविला. त्यांचे सुपुत्र द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये, ऐन तारुण्यात निवर्तले. त्यांची भजने आजही नाशिकच्या घराघरांत लागतात आणि ती सर्व एकाच वाहिनीत मुद्रित झालेली आहेत. गीतरामायणाचे १९५५-५६ मधील मूळ आकाशवाणी प्रसारणही तसेच. अशा मुद्रणात डावे-उजवे शोधण्यात अर्थ नाही. तरीही दोन सारखे स्पीकर नीट मांडले की गायकाचा आवाज दोहोंच्या मधोमध, जणू रिकाम्या जागेतून येतो, आणि ऐकणाऱ्याला ते सुखाचे वाटते. ज्या घरात केवळ जुनी भजने आणि प्रवचनेच ऐकली जातात व जागाही थोडी आहे, त्या घराने एकच चांगला स्पीकर घेतला तरी काही बिघडत नाही. पैसे वाचतात.

दुकानातील परीक्षा मात्र शिस्तीने व्हावयास हवी. विक्रेत्याची गाणी ऐकू नयेत. पूर्ण परिचयाची तीन मुद्रणे मोबाइलमध्ये घेऊन जावीत: एक बोलण्याचे, एक स्त्रीकंठातील गायनाचे, एक तानपुरा आणि तबला स्पष्ट असलेले. बोलण्यात स आणि श वेगळे कळतात का, आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो का, हे पाहावे. स्त्रीकंठ तार षड्जावर गेला की कानाला बोचू लागणारा स्पीकर पहिल्याच फेरीत बाद करावा. तानपुऱ्याचा खर्ज कळला पाहिजे, पण तो गाण्यावर बसता कामा नये. पुरुषगायकाने काळी एकमध्ये षड्ज घेतला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, सुमारे ६९ हर्ट्झ. चांगल्या चार इंची पडद्याला इतके साधते. म्हणजे वेगळा 'वूफर'चा डबा संगीतासाठी अपरिहार्य नाही. तो चित्रपटांतील स्फोटांसाठी असतो.

तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज समान पातळीवर आणणे अत्यावश्यक आहे. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला भासतो, आणि ज्या वस्तूवर नफा जास्त ती किंचित मोठी वाजविणे दुकानदाराला अवघड नसते. मोबाइलवरील ध्वनिमापक पूर्णपणे अचूक नसला तरी दोन जोड्या एकाच जागेवरून ताडून पाहण्यास पुरतो. आणखी एक खबरदारी म्हणजे डोळे मिटून ऐकावे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये हार्मन या ध्वनिउद्योगातील लोकांवरच प्रयोग केला होता. स्पीकर पडद्याआड असताना त्यांना मिळालेले गुण आणि समोर दिसत असतानाचे गुण जुळले नाहीत. दिसताच मोठ्या व देखण्या स्पीकरांचे पारडे जड झाले. व्यवसायातील कानांची ही गत, तर शनिवारी सायंकाळी गर्दीत उभ्या असलेल्या ग्राहकाने लाकडी सोनेरी कडांवर विश्वास का ठेवावा?

घरी आणल्यावर निम्मे यश मांडणीत असते, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. नव्या इमारतींतील दिवाणखाने चकचकीत फरशी, कोऱ्या भिंती आणि काचेची सरकती दारे यांनी घडलेले असतात. तेथे एक टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे झणझणाट राहिला तर शब्दही तसाच पुसट होणार. एक जाड सतरंजी, खिडकीला पडदा, समोरच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट, एवढ्याने जो फरक पडतो तो पाच हजार रुपये अधिक मोजूनही पडत नाही. दोन स्पीकरांत सुमारे सहा फूट अंतर, ऐकणाऱ्यापासूनही साधारण तेवढेच, उंच स्वरांचा घुमट बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणि मागच्या भिंतीपासून वीतभर तरी मोकळी जागा, हा नियम ध्यानात ठेवावा. कपाटाच्या कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर खर्ज फुगवितो. आजी जर खाली आसनावर बसत असेल, तर स्पीकरही त्या मानाने खाली आणावेत. प्रवचन ऐकताना खर्जाचे बटण एक-दोन घरे मागे घ्यावे, वृद्ध कानांसाठी ते आवाज वाढविण्यापेक्षा गुणकारी ठरते.

शेजारधर्माचे कायद्यातही मोजमाप आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. स्वतःच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात प्रौढांना आठवड्यास ४० तास ८० डेसिबल, मुलांना ७५, अशी सीमा सुचविलेली आहे. वर मांडलेल्या हिशेबाने ऐकणारे घर या सीमेच्या आतच राहते.

ब्लूटूथबाबत एक व्यावहारिक सूचना. स्पीकर घरातील सर्वांच्या मोबाइलला जोडून ठेवला की कोणाचाही फोन कोणत्याही क्षणी त्यावर वाजू लागतो. सामायिकाच्या ४८ मिनिटांत यंत्राला हात लावावयाचा नसतो. अशा वेळी नातवाच्या खेळाचा गोंगाट दिवाणखान्यात घुमला तर उठून बंदही करता येत नाही. म्हणून आसनावर बसण्यापूर्वी भिंतीवरचे बटणच बंद करावे. तारेने जोडण्याची सोय असलेला संच घ्यावा, म्हणजे जुना सीडी प्लेयर आणि टीव्हीही कामी येतात.

पैशांविषयी. 'बिनव्याजी हप्ता' ही पाटी पाहून पुष्कळजण बजेटच्या वर जातात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डावरील सध्याच्या योजनेत व्याजाइतकी सूट आधी दाखविली जाते आणि नंतर व्याज आकारले जाते. बारा हजारांच्या सहा हप्त्यांत १५ टक्के दराने ते सुमारे ५०० रुपये होते. त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी आणि असल्यास प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या माथी राहते. जो रोख देणार आहे त्याने तेवढीच सूट रोखीवर मागावी. बहुतेक वेळा ती मिळते, मागितली तर.

खरेदीपूर्वी माळ्यावर पाहण्यासही हरकत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा संच अनेक घरांत पडून असतो. त्याच्या पडद्याभोवतीची कडा फोमची असेल तर ती दमट हवेने भुगा होते, रबराची असेल तर पुष्कळदा शाबूत राहते. भुगा झालेली कडा जाणकार कारागीर बदलून देतो आणि खर्च नव्या जोडीच्या किमतीचा अंशच येतो. दुरुस्तीपलीकडे गेलेला संच मात्र भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. त्यासाठीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नवा घेतल्यास पक्के बिल, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि दुकानाचा शिक्का असलेले हमीपत्र घ्यावे, आणि खोके निदान परत करण्याची मुदत संपेपर्यंत फाडू नये.